किती तास खेळलास, ते आधी लिही

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या व्हिडिओ गेमच्या परीक्षणाचा मसुदा वाचला. भाषा झकास, पण गेम किती तास खेळलास आणि कशावर, याचा पत्ताच नाही. सायबरपंक २०७७ आठव. १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती, गुणही भरभरून पडले. प्लेस्टेशन ४ वर मात्र तोच गेम अडखळत, मध्येच बंद पडत होता; आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. समीक्षक खोटं बोलले नव्हते, त्यांच्यासमोरचं यंत्र वेगळं होतं.

शितावरून भाताची परीक्षा इथे फसते. पोर्टल हा गेम तीन-चार तासांत संपतो, तो अर्धवट सोडून लिहिणं म्हणजे निव्वळ आळस. पर्सोना ५ ला शंभरेक तास लागतात आणि सुरुवातीचे कित्येक तास तो बोट धरूनच चालवतो. तिसऱ्या तासाला ‘संथ’ म्हण खुशाल, पण तो निकाल सुरुवातीचा आहे हे सांग. बाल्डर्स गेट ३ चं उलट: २०२३ मध्ये तो आला तेव्हा तिसऱ्या अंकातल्या शहरात फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) घसरायचा. पहिल्या अंकावर भाळून लिहिणाऱ्याला ते कसं दिसणार?

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरच्या प्रतिक्रिया वाचताना तासांचे दोन आकडे बघ, लिहितानाचा आणि आजवरचा. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. म्हणून तासाभरातली नाराजी बऱ्याचदा ‘चालतच नाही’ अशी असते. पाचशे तासांनंतरचा उलटा अंगठा, म्हणजे नापसंती, बहुधा ताज्या अपडेटवरचा राग.

अपेक्षांचं सांगतो. खेळण्याआधी त्या कागदावर उतरव आणि प्रत्येकीपुढे लिही: निर्मात्याने सांगितलं, ट्रेलरमध्ये दिसलं, की माझ्या मनचं? पहिल्या दोन तुटल्या तर गुण काप. नो मॅन्स स्काय (२०१६) वर लोक चिडले ते अशाच बोलून दाखवलेल्या गोष्टींवरून. खरा मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळणं, त्यात २०१८ च्या नेक्स्ट अपडेटने आला. तिसरीचा दोष गेमचा नाही. मिसळ मागवायची आणि गोड नाही म्हणून कुरकुरायचं, असं आपल्या गावात कोणी करतं का? (जिलबी वेगळी मागव.)

दुरुस्त मसुदा पाठव. तास, ग्राफिक्स कार्ड, पॅचचा (गेमच्या दुरुस्ती-अपडेटचा) क्रमांक आणि कथा पूर्ण केलीस की नाही, एवढं पहिल्या परिच्छेदात घाल.

तुझा,
नाशिककर