बोंडअळीला सवय झालेली नाही

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, बोंडअळीला बीटीची सवय झाली." गावात सगळेच असं म्हणतात. पण तू अकरावीला जीवशास्त्र घेतलंयस, म्हणून नीट लिहिते.

सवय एकाही अळीला झाली नाही. बीटी कापूस म्हणजे अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारा कापूस. हे प्रथिन अळीच्या आतड्यात ठरावीक जागी चिकटतं, मग ती मरते. पुष्कळ अळ्यांत एखादीच्या जनुकात जन्मतःच फरक असतो. ती जागाच वेगळी घडते, विष चिकटत नाही. हा फरक बीटीने घडवला नाही. साध्या कापसावर त्याचा काही फायदा नव्हता. 2002 मध्ये बीटी आलं, बघता बघता शिवारभर तेच दिसू लागलं. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची पिढी यांचीच झाली. अळी बदलली नाही रे, अळ्यांची वस्ती बदलली. 2006 चं बीटीच्या दोन जनुकांचं बियाणंही पुढे असंच अपुरं पडलं. 2017 साली हिरवीगार बोंडं फोडली की आत किडकी सरकी निघायची, वेचणीला नुसता कवडी कापूस. तू लहान होतास, पण बाबांचा चेहरा तुला आठवत असेल.

मला एक गोष्ट अजून टोचते. बियाण्यासोबत 120 ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट यायचं, शेताच्या कडेनं लावायला. आम्ही ते कधी लावलं नाही. अळीसाठी कापूस कशाला पेरायचा, असं वाटायचं. खरं तर त्या ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात. पिल्लांना त्या फरकाची एकच प्रत मिळते. तगायला दोन लागतात, म्हणून ती बीटीवर बहुतेक मरतात. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी या ओळी नेमानं लावल्या, तिथे बीटी वर्षानुवर्षं टिकलं.

फरदडीचंही, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभं ठेवण्याचंही तसंच. ही बोंडअळी, म्हणजे गुलाबी अळी, जवळजवळ कापसावरच जगते. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मार्चपर्यंत उभी ठेवली की उरलेल्या अळ्यांना आणखी पिढ्या वाढवायला मिळतात. दोन क्विंटल जास्तीच्या आशेनं आपणही ती ठेवायचो.

यंदा बाबांनी डिसेंबरातच पऱ्हाटी उपटायचं कबूल केलंय. सुट्टीत येशील तेव्हा वावर मोकळं असेल. हरभऱ्याचं बघू, तू आल्यावर.

तुझी आई