रस्ता तयार आहे म्हणालात, म्हणून निघाले

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

हे पत्र मी डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत टंकते आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. ते कुठे आणि कसं मोडलं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

मी 54 वर्षांची, डोंबिवलीला राहते. माहेर दापोली तालुक्यातलं. माझे वडील भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी येत आणि दाभोळच्या खाडीत पडावात उतरत. वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा त्यांनी समुद्राच्या बाजूने पाहिलेला होता. तोच किनारा जमिनीच्या बाजूने, रेवसपासून गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत सायकलने पाहायचा, हे मी त्यांच्या वर्षश्राद्धाला ठरवलं. सोबत भाचा आणि दोन मैत्रिणी. तयारीला अकरा महिने लागले.

तयारी म्हणजे काय, तेही सांगते. स्वयंपाकघराच्या फरशीवर नकाशा पसरून खाड्या मोजल्या. कोकणात सरळ किनारा नाहीच. दर दहा-वीस किलोमीटरवर खाडी, खाडीच्या तोंडाशी किल्ला, मध्ये जांभ्याचा सडा म्हणजे उघडं खडकाळ पठार, सड्यावरून खाली पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरणारी घाटी. वडिलांनी शिकवलेलं भरतीचं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सप्तमी-अष्टमीला निघालं की दुपारी ओहोटी मिळते आणि ओल्या, घट्ट पुळणीवरून सायकल रस्त्यावरच्यापेक्षा बरी पळते. म्हणून मार्गशीर्षातली शुद्ध सप्तमी धरली. कोर्लई, जंजिरा, सुवर्णदुर्ग, गोपाळगड, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, सिंधुदुर्ग, निवती असे मुक्काम जुळवले. कशेळी आणि देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं पाहायला एक अख्खा दिवस राखून ठेवला. समुद्राचं, चढांचं, उन्हाचं सगळं गणित बसलं. तुमच्या कारभाराचं तेवढं बसेना.

कारण एक जंगलजेटी, म्हणजे माणसं आणि गाड्या खाडीपलीकडे नेणारी बोट, चुकली की खेळ संपतो. समोरचा काठ दिसत असतो, माणसंही ओळखू येतात, पण पलीकडे जायला घाटी चढून आत जायचं, खाडीवरचा वरच्या अंगाचा पूल गाठायचा आणि पुन्हा खाली उतरायचं. सायकलवाल्याचा अख्खा दिवस जातो. म्हणून निघण्याआधी एका सरकारी कार्यालयात मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "मॅडम, रस्ता तयार आहे, बोटी चालू आहेत, बिनधास्त या." त्या वाक्यावर आम्ही निघालो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एका खाडीवर पोचलो. खाडीचं नाव लिहीत नाही, कारण उद्या तिथल्या एखाद्या गरीब कामगाराला नोटीस जाईल आणि तुम्ही कारवाई केल्याचं सांगाल. बोट दोन दिवस बंद होती. फलक नाही. दिवा नाही. पाणी चढत होतं, जेटीचा उतार शेवाळलेला, कठड्याचा पत्ता नाही. तिथे कुणी माणूस आहे का हे पाहायला मी खाली उतरले आणि घसरले. हाडाचा आवाज मी स्वतः ऐकला.

पुढचं सांगायला नको होतं, पण सांगते. जवळच्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्र होतं, ते चालवणारा माणूस नव्हता. तिथून रिक्षा, मग एका भल्या माणसाचा आंब्याच्या पेट्या वाहायचा टेम्पो. पाच तास. भाचा माझा हात ओढणीने बांधून मांडीवर धरून बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला "आत्या, सॉरी" म्हणत होता. सॉरी त्याने का म्हणायचं? शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूची पट्टी बसवली. माझं दुकान शिवणकामाचं आहे. लग्नसराईचे दीड महिने गेले, हातातली कामं परत करावी लागली. वडिलांची टोपी तेरेखोलच्या वाळूवर ठेवायची म्हणून मी पिशवीत घेतली होती. ती तशीच परत आली. याची भरपाई कुठल्या अर्जात मागतात?

आता तुम्ही म्हणाल, साहसी सहल म्हटल्यावर धोका आलाच. नाही, महाराज. लाट, कडा, ऊन, चढ हे साहस. न लागलेला दिवा हे साहस नाही. 2021 साली तुमच्याच शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं ठेवावीत, सुरक्षेची साधनं ठेवावीत. योग्यच आहे, 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याची डझनाहून जास्त कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हाच हे व्हायला हवं होतं. पण नियम फक्त आयोजकालाच का? जेटी कुणाची? उतार कुणाचा? त्याच्या सुरक्षेची नोंदणी कोण करणार?

आणि तो सागरी महामार्ग! रेवस ते रेडी. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते 1980 ते 82, तेव्हापासून आम्ही हे नाव ऐकतो आहोत. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते, आता मला चाळिशीचा नव्हे, साठीचा चष्मा लागायची वेळ आली. बाणकोटच्या खाडीतल्या पुलाचे अर्धवट खांब मी वर्षानुवर्षं पाहते आहे. मुंबईतला 10.58 किलोमीटरचा किनारा रस्ता 2018 ला सुरू झाला आणि मार्च 2024 मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण झाला. म्हणजे पैसा आहे, यंत्रं आहेत, इंजिनिअर आहेत. जिथे करायचंय तिथे होतं. मग कोकणचं नाव निघालं की फाईल कुठल्या कपाटात जाते? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. ते सुरू झालं तेव्हा बालवाडीत गेलेली मुलं आज मतदार झाली आहेत.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. जुलै 2025 मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जागतिक वारशात गेले. त्या बातमीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं बोलत नाही. पण त्या किल्ल्यांकडे जाणाऱ्या वाटेवर दिशाफलक हवा अशा जागा मी पहिल्या चार दिवसांत वहीत नोंदल्या: 27. फलक सापडले 4. त्यातल्या एकावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या होत्या. मोजण्यात माझी एखाददुसरी चूक असेल, तुमचा माणूस पाठवा, मी त्याच्याबरोबर पुन्हा मोजेन. मालवणला राजकोटावर उभारलेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. ज्या राजाने समुद्रात बांधलेला कोट साडेतीनशे वर्षं लाटा खातो आहे, त्याच्या नावावर तुम्ही हे बांधता?

माझी मागणी मोठी नाही. पूल होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येक जेटीवर एक दिवा लावा, उताराला कठडा लावा, आठवड्यातून एकदा शेवाळ खरवडा. बोट चालू की बंद, हे सांगणारा एक फोन ठेवा आणि तो उचलणारा माणूस जेटीवर बसणारा असू द्या. ही कामं करायला अधिवेशन लागत नाही. ग्रामपंचायतीला पैसे आणि अधिकार दिलेत तर ती चार दिवसांत करेल. पण तुम्ही अधिकार खाली सोडत नाही, आणि वर कुणाला वेळ नसतो. खाडीकाठचा माणूस दोन्हीच्या मध्ये अडकून पडतो. मी तर चार दिवसांची पाहुणी. तिथल्या बाळंतिणी, शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया याच उतारावरून रोज चढतात-उतरतात. त्यांचं मनगट मोडलं तर पत्र कोण लिहिणार?

प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. डॉक्टर म्हणाले, सायकल फाल्गुनात. ज्या जेटीवर पडले, तिथूनच पुढे निघायचं ठरवलं आहे, पुन्हा सप्तमी बघून. तिथे दिवा लागला असेल तर कळवा. माझा नंबर तुमच्या कार्यालयात दोनदा लिहून दिलेला आहे.

आपली,
दापोलीची एक माहेरवाशीण,
मुक्काम डोंबिवली