पट्टी ठेवून आकडे वाचायला शिकवणाऱ्या काकांना

काका,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या ज्या ओट्यावर मी अख्खा उन्हाळा काढला, तो ओळखणारे ओळखतीलच. मला धोरणविषयक पत्रकारितेची वर्षभराची फेलोशिप मिळाली. परगावी राहण्याजेवण्यापुरतं विद्यावेतन मिळतं. हे तुमच्यामुळे झालं आणि मला ते चारचौघांत सांगायचं आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा मी पार खचले होते. त्याआधीच्या इंटर्नशिपमध्ये दोन महिने बिनपगारी प्रेसनोट टाइप केल्या होत्या. खोलीचं भाडं बाबांनी भरलं. हातात प्रमाणपत्र पडलं, शिकले काहीच नाही. फेलोशिपच्या अर्जाला स्वतः शोधून लिहिलेला एक लेख जोडायचा होता आणि माझ्याकडे दाखवण्याजोगं एक पानही नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "नळाला एक दिवसाआड पाणी येतं ना? ते इथवर यायला काय लागतं, ते लिही की."

मला वाटलं, यात काय बातमी? मग तुम्ही 1978 सालचं सांगू लागलात, नर्मदा इंदूरला आली तेव्हाचं. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावली या तलावांच्या भरवशावर लोक कसे दिवस काढायचे, तेही. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, आणि तेही चढावर, पंपांनी उचलून आणलेलं पाणी आपण अंगणात शिंपडतो. म्हणजे पाण्याची गोष्ट खरं तर विजेच्या बिलाची गोष्ट आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निगमच्या, म्हणजे आपल्या महापालिकेच्या, बजेटचं पुस्तक पुढ्यात ठेवलंत. तुमची सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर झालेली. लाकडी पट्टी एका ओळीखाली धरून म्हणालात, "आधी ही एकच ओळ. डोळा घसरतो, पट्टी घसरत नाही." अनुमान, पुनरीक्षित अनुमान, वास्तविक. या तीन रकान्यांतला फरक मला कॉलेजात कुणी सांगितला नव्हता. एका वर्षाची पुरती गोष्ट एका पुस्तकात मावत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. 2021-22चा अंदाज त्या वर्षीच्या पुस्तकात, सुधारित आकडा पुढच्या वर्षीच्या आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्याही पुढच्या. तीन पुस्तकं ओट्यावर उघडी, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून त्यांवर काकूंचे वाटी-पेले. सभागृहात वाचून दाखवतात तो पहिला रकाना असतो. तिसरा छापून येतो तोवर कुणी विचारायला उरत नाही. तुम्ही मला तो तिसरा रकाना विचारायची सवय लावलीत.

माहितीच्या अधिकाराचा माझा पहिला मसुदा आठवतोय? सात प्रश्न आणि सातही 'का'ने सुरू होणारे. तुम्ही लाल पेनाने सगळे 'का' खोडलेत. 2005चा कायदा कागद मागायचा हक्क देतो, कारणं मागायचा नाही. नोंद असेल तेच मिळेल, म्हणून कोणती नोंद हवी ते नेमकं लिही, असं समजावलंत. मग 'खर्च एवढा का वाढला' याच्या जागी 'अमुक महिन्यांच्या वीज देयकांच्या प्रती आणि संबंधित फाइलवरच्या टिप्पण्या' असं आलं. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं, तेव्हा माझ्याआधी तुम्ही चष्मा शोधत होतात!

एक गोष्ट मी तेव्हा बोलले नव्हते. घरात मराठी, कॉलेज हिंदीत, फेलोशिपची मुलाखत इंग्रजीत; कुठल्याच भाषेत आपण पुरे पडणार नाही, या भीतीने मी अर्ज भरायचं टाळत होते. तुम्हाला ते न सांगताच कळलं असावं. सहज बोलता बोलता तुम्ही राहुल बारपुत्यांचा विषय काढलात. मराठी घरातला माणूस, 'नई दुनिया'सारख्या हिंदी दैनिकाचा संपादक, आणि इंदूरच्या किती पत्रकारांना त्यांनी घडवलं. त्या रात्री मी अर्ज पूर्ण केला.

मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, हे आकडे तपासले कुणी? मी म्हटलं, आमच्या शेजारच्या काकांनी, पट्टी ठेवून. मग मी रकान्यांचं सगळं सांगितलं आणि ते बराच वेळ त्यावरच विचारत राहिले.

काकूंना नमस्कार. जून महिन्यात केलेल्या माहितीच्या अधिकाराच्या दुसऱ्या अर्जावर पत्ता तुमचाच दिला आहे. पाकीट आलं तर माझी वाट पाहू नका, उघडा. फक्त पट्टी तुमच्याकडे नाही, ती मी निघताना पिशवीत घालून आणली. दिवाळीत येईन तेव्हा आणते.

तुमची,
मागच्या गल्लीतली