हातभर बांध

चिकोडी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो तर आवाज चढेल, म्हणून तुझ्या आईनं मला लिहायला बसवलंय. तू आणि तुझा चुलतभाऊ बेंगळुरात एका खोलीत राहून दीड महिना बोलत नाही, हे तिला तुझ्या काकूकडून कळलं. तू त्याला फुलांचं चित्र पाठवलंस म्हणे, खाली ‘काही चुकलं असेल तर माफ कर’. कुणाचं चुकलं ते मी विचारत नाही. त्या ‘असेल तर’विषयी लिहितोय.

२०१२ साली, तू दहावीत असताना, ऊस लावायच्या आधी मी ट्रॅक्टरवाल्याला बांधाला खेटून नांगर घालायला सांगितलं. खालच्या रानातला बांध हातभर शेजारच्या अण्णांच्या बाजूला सरकला. अण्णा दुसऱ्या दिवशी तिथं उभे राहून बघून गेले. बोलले काही नाहीत.

अण्णा जैन. त्यांचं दशलक्षण पर्व आपल्या ऋषिपंचमीला सुरू होतं, पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. अनंत चतुर्दशीला संपलं की मग क्षमावाणी, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. त्या संध्याकाळी अण्णा दारात, हात जोडून. घरात कन्नड, पण आपल्याशी मराठीच. “वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी.” मी “छे हो, कसलं काय” म्हणालो. दिवस मावळलेला, त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांच्या तोंडी ‘असेल तर’ शोभलं. माझ्या तोंडी शोभलं नसतं.

त्याच सुमारास आपली मोटर भरून देणारे चाचा हजला निघाले होते. ‘कहासुना माफ करा’ म्हणत घरोघर हिंडत होते. मी म्हटलं, अल्ला माफ करतोच की. तर म्हणाले, “त्याचं तो सोडेल. माणसाचं घेतलेलं त्या माणसानंच सोडायला पाहिजे.” मला बेळगावच्या कॅम्पातलं मित्राचं लग्न आठवलं. चर्चमधल्या मराठी प्रार्थनेत ‘पाप’ न म्हणता ‘ऋण’ म्हणतात: आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं, तसं तू आम्हाला सोड. सोसायटीचं कर्ज थकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही! आपणही पूजा संपली की ‘क्षम्यतां परमेश्वर’ म्हणतोच. पण देव काही बांध मोजायला येत नाही, म्हणून ते सोपं जातं.

आठ दिवस काढले आणि गेलो. अण्णा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. म्हटलं, “अण्णा, बांध मी सरकवलाय. मुद्दाम.” त्यांनी पेंढी सोडली, पसरली, हात झटकले. “ठाऊक आहे की. आता ऊस उभा आहे, तुटल्यावर बघू. चल, दिवस आहे अजून, चहा घेऊ.”

ऊस तुटल्यावर आम्ही दोघांनी दोरी लावून दगड जागेवर नेले. दोरीचं एक टोक तू धरलं होतंस, आठवतं का? तुला तेव्हा मोजणी आहे असं सांगितलं होतं.

तुझे बाबा