तीस इंच पुरतात

बजाजनगर, वाळूज
रविवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीत. त्यात माझं निम्मं बोलणं त्यांना ऐकूच येत नाही. चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात इतकी वर्षं पत्रा ठोकल्यावर कान शाबूत राहायचे कुठून? म्हणून पत्र लिहिते. आई, हे तू मोठ्यानं वाच. मधेच ते "हां, माहितीये मला" म्हणतील, तिथं थांबू नकोस.

पत्रा कामाची मशीन बघून आले. बाबांनी मोबाइलवर दाखवली होती तीच, थ्री-इन-वन. एकाच सांगाड्यात कापायचं पातं, वाकवायची डाय आणि वर गोल करायचे तीन रोलर. आमच्या फोरमनच्या ओळखीनं दोन ठिकाणी गेले. एकाकडे तीस इंची होती, म्हणजे तेवढ्या रुंदीचा पत्रा घेणारी, दुसऱ्याकडे चाळीस इंची. दोन्ही हाताच्या, मोटर नाही. म्हणजे लाइट दिवसा येवो की रात्री, काम अडणार नाही. आपल्या गावाकडं हे केवढं मोठं आहे ते तुम्हाला सांगायला नको.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. लहानीवर मोठं काम होत नाही, मोठीवर लहान होतं, म्हणून घ्यायची तर चाळीसच. वर्कशॉपात ते खरंच होतं. तिथं पत्रा धरायला चार माणसं होती. घरी धरायला आई.

म्हणून मी कागद घेऊन बसले. तुम्हाला मुख्य करायच्यात कोठ्या, ज्वारी-गव्हाच्या. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, आठ बाय चार फुटाचा पत्रा म्हणजे २४४ बाय १२२ सेंटिमीटर. कोठीचा व्यास ७५ धरला तर परीघ येतो २३६. उरले आठ, त्यात जोडाची घडी आणि कड सरळ करणं भागतं. उंची १२२ ठेवली तर साधारण चार क्विंटल गहू मावतो. इथपर्यंत हिशेब सुंदर बसला. पण १२२ उंचीचा पत्रा रोलरात घालायचा तर रोलर तेवढे लांब पाहिजेत. तीस इंची म्हणजे ७६ सेंटिमीटर, चाळीस इंची म्हणजे १०२. दोन्हींत बसत नाही! बावन्न इंचीत बसेल, पण तिचं वजन चारशे किलोच्या वर. आपल्या शेडात ती उतरवायची तर आधी दार काढावं लागेल. मग कोठी दोन कड्यांची करायची, एकेक कडं ६१ सेंटिमीटर उंच, एकावर एक. ६१ तर तीस इंचीत आरामात जातं. म्हणजे चाळीस इंचीचे वरचे दहा इंच कोठीच्या काही कामाचे नाहीत. त्यासाठी वजन मात्र दीडपटीहून जास्त. तीस इंची दीडशे किलोच्या आसपास आहे, चाळीस इंची अडीचशेच्या पुढं.

एक गोष्ट त्या व्हिडिओत सांगत नाहीत. आठ फुटी पत्रा लांबीत उभा चिरायचा असेल तर तो दोन्हींवर चिरता येत नाही. दोन्ही बाजूंना सांगाड्याच्या भिंती आहेत, काप त्यांच्या मधेच बसला पाहिजे. त्यामुळे वसमतला पत्रा घेतानाच दुकानदाराकडून दोन-दोन फुटाच्या पट्ट्या कापून घ्या. तळ आणि झाकण मात्र गोल. तिथं तुमची जुनी कातरच. मशीन सरळ सोडून काही कापत नाही. आणि दोन कड्यांचा जोड रिव्हेटनं मारून वर डाख (सोल्डर) द्यायचा. रिव्हेट तर तुमच्या हातचा मळ.

आता मशीन कशी चालते ते सांगते. कंपनीच्या भंगारातून विचारून तीन तुकडे नेले होते: ०.६३, ०.८ आणि १ मिलीमीटर. तुमच्या भाषेत चोवीस, बावीस आणि वीस गेज. चाळीस इंचीच्या पाटीवर जास्तीत जास्त जाडी लिहिलीय १ मिलीमीटर. ०.६३चा पत्रा पात्याखाली घातला, हँडल ओढलं, कागदासारखा कापला. ०.८ला थोडा जोर लागला. १चा पूर्ण रुंदीचा तुकडा घातला तर हँडल अर्ध्यात येऊन थांबलं. दोन्ही हातांनी लटकले, चपलेच्या टाचा उचलल्या गेल्या, तेव्हा कुठं ते खाली गेलं. विकणारा म्हणाला, "मॅडम, सवय झाली की सोपं जातं." मी तुकडा उचलून कडेवरनं नख फिरवलं. दोन्ही टोकांना कड गुळगुळीत, मधे वीतभर खरखरीत. पात्यांमधली फट मधल्या भागात जास्त पडली होती. ती बोल्ट फिरवून कमी करता येते हे मला ठाऊक आहे, त्यालाही असेल. पण माझ्यासमोर त्यानं पाना काही हातात घेतला नाही.

पाटीवरचा आकडा साध्या लोखंडी पत्र्याचा असतो, स्टेनलेसला त्याचा निम्मा-पाऊण धरायचा, हे तुम्हीच मला शिकवलंय. पण एक हिशेब तुम्ही कधी सांगितला नव्हता, तो मी नोकरीत शिकले. जोर जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या वर्गात वाढतो. १ मिलीमीटरला शंभर जोर लागत असेल तर ०.८ला चौसष्ट आणि ०.६३ला चाळीस. कोठीला बावीस गेज भरपूर आहे. वीस गेजचा हट्ट सोडला की तुमच्या खांद्याचं एक तृतीयांश ओझं तिथंच उतरलं.

खांद्याचं लिहिणार नव्हते. आईनं मला सांगितलंय की शर्टाची उजवी बाही आता तीच चढवून देते. तिच्यावर चिडू नका. हँडल वरून खाली ओढायचं असतं, आणि हात वर जात नसेल तर कितीही दांडगा माणूस तिथं हरतो.

तीस इंची बघितली ती जास्त बरी निघाली. पत्रा वाकवून काटकोन बघायला गुण्या लावला. टोकांना ९० अंश, मधे ९२च्या आसपास. सांगाडा मधे थोडा फाकतो, हे सगळ्याच हलक्या मशीनचं असतं. डायखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवून ते मारता येतं. रोलरात पट्टी घातली तर पहिल्यांदा दोन टोकं बोटभर खालीवर आली, कारण मागच्या रोलरची एक मूठ जास्त फिरली होती. दोन्हीकडचे फेरे मोजून सारखे केले आणि तिसऱ्या खेपेला टोकाला टोक भिडलं. सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग सपाटच राहतो, तो पाइपावर ठेवून मोगरीनं गोल करायचा. जोडाची घडी आधी पाडलीत तर रोलर सैल सोडा, नाहीतर चेपून जाईल. गोल झालेलं कडं काढायला वरच्या रोलरचं एक टोक उचलता येतं. ते मी दोनदा उचलून बघितलं, अडकत नाही.

छोटीला तुम्ही पत्र्याची पेटी कबूल केलीय. ती रोज विचारते. तर बाबा, उंच बाजूंची पेटी या मशीनवर अख्खी वळत नाही. वरची डाय तुकड्यांची आहे, हवे तेवढे तुकडे काढून ट्रे वळवता येतो, पण डायच्या वर जागा इतकी कमी की बाजू थोडी उंच झाली की सांगाड्याला आपटते. बाजू वेगवेगळ्या वळवून जोडाव्या लागतील, बसच्या बॉडीसारख्या. ते तुम्हाला जमेल. एवढंच, की ट्रंकेसाठी म्हणून ही मशीन घेऊ नका.

आणि आई, तुझी पन्हाळ. तुला वाटतं मशीन आली की पहिलं काम ओसरीच्या पन्हाळीचं होणार. होऊ शकतं, पण करू नये असं मला वाटतं. वीस फुटाच्या ओसरीला तीस इंची मशीनवर नऊ तुकडे आणि आठ जोड. चाळीस इंचीवरही सात तुकडे. प्रत्येक जोडातून थेंब. त्यापेक्षा बेंडिंगवाल्याकडून आठ फुटी तीन तुकडे वळवून आण, दोनच जोड येतील. ते मृग लागायच्या आत करून घ्या, मशीनचं नंतर.

आता जे खरं तुला सांगायचंय ते. तू रोलरचं हँडल फिरवणार आणि बाबा पत्रा धरणार, असं तुमचं ठरलंय म्हणे. ते नको. फिरवणाऱ्याला पत्र्यापलीकडची बोटं दिसत नाहीत, आणि बाबांनी "थांब" म्हटलेलं तुला कळेस्तोवर अर्धा फेरा झालेला असतो. रोलर हळू फिरतात म्हणून भीती वाटत नाही, पण गिअर असल्यामुळं ते बोट ओढून घेतात. जो पत्रा धरेल त्यानंच हँडल फिरवायचं. रोलरपाशी हातमोजे नाहीत, पदर खोचलेला. हातमोजे पत्रा उचलताना घाला, कड कापते. आणि गावातलं कुणी "काका, एवढी सळई कापून द्या" म्हणत आलं तर बाबांनी भीड धरायची नाही. एका सळईनं पात्याला दात पडतात.

जागेचंही बघितलं पाहिजे. आपली काळी माती. आत्ता मे महिन्यात शेडात भेगांत बोट जातं, पावसात तीच फुगणार. तशा जमिनीवर मशीन ठेवली तर दोन महिन्यांत तिरकी होईल, आणि हँडलला लटकलं की अंगावर येईल. माती खोल काढून मुरूम ठोकून वर काँक्रीटचा ओटा घाला, त्यात बोल्ट पुरा. बोल्टांच्या भोकांची मापं मी मशीनवरून कागदावर उतरवून आणलीत, सोबत पाठवते. कागद घडी न घालता ठेवा.

तर माझं मत तीस इंचीचं. पैशाचं फोनवर बोलू, निम्मे मी देणार आहे आणि त्यावर वाद नको. पुढच्या रविवारी पुन्हा जाते, या वेळी बावीस गेजची पूर्ण रुंदीची पट्टी घेऊन. मधे खरखरीत निघाली तर माझ्यासमोर पातं जुळवल्याशिवाय पैसे देणार नाही. बाबा, तुम्हाला यायचं असेल तर शनिवारी रात्रीच या, मलाही बरं पडेल. तुमच्याइतकी पारख मला नाही.

त्याआधी शेडाच्या दाराची रुंदी मोजून कळवा. चौकटीच्या आतून मोजा. आणि आपल्या टेपचं टोक तुटलंय हे ध्यानात ठेवा. एक इंचाच्या खुणेपासून धरा आणि आलेल्या मापातून एक वजा करा. मागच्या वेळी खिडकीच्या जाळीला आपण ते विसरलो होतो.

तुमची
धाकटी