पाणी तापेपर्यंत

चॅपेल हिल, नॉर्थ कॅरोलिना,
22 फेब्रुवारी

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

तीन शनिवार, तिन्ही वेळा पहाटे सहाला बोट उतरवायच्या रँपवर हजर, डबीतलं प्रत्येक लूर (माशाला फसवणारं नकली आमिष) पाण्यातून फिरवून झालं आणि एकही बास मासा नाही. फोनवर सांगितलं तर अर्धं विसरशील, म्हणून लिहून पाठवतोय. छापून टॅकल बॉक्समध्ये ठेव.

जॉर्डन लेकवर तू निवडलेल्या जागा वाईट नाहीत, लूर्सही बरी आहेत. गडबड वेळेची आहे. जाण्याच्या वेळेची तर आहेच, त्याहून जास्त लूर पाण्यात थांबवण्याच्या वेळेची. आपल्याकडे महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत निघून जाते. इथे ती तेव्हा फक्त निघायची भाषा करते. पाणी हवेपेक्षा कित्येक दिवस मागे असतं. तू जॅकेट काढलंस म्हणून बासने काढलेलं नाही.

माशाच्या अंगाचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान. 45 अंश फॅरनहाइटला (साधारण 7 सेल्सिअस) त्याचं पचन इतकं मंदावलेलं असतं की एक शॅड (छोटा चारामासा) गिळला की त्याला बराच काळ भुकेची घाई नसते. तो खातो, पण मागे धावत नाही. घास तोंडासमोर आला, तिथेच रेंगाळला आणि पळून जाईल असं वाटलं नाही, तरच तोंड उघडतो. 50 च्या आसपास तो थोडी हालचाल करू लागतो. 55 पुढे मादी अंड्यांसाठी वजन वाढवायला उथळाकडे येते. 60 च्या वर नर घरटं करायला कडक तळ शोधू लागतात. जॉर्डनवर तो मुख्य हंगाम साधारण एप्रिलचा. म्हणजे आत्तापासून तोपर्यंतचे पाच-सहा आठवडे हा हळू चालायचा काळ, आणि वर्षातले सगळ्यात जड मासेही याच काळात मिळतात.

आता आकड्यापेक्षा महत्त्वाचं. आज 52 आहे, याला एकट्याला अर्थ नाही. तीन दिवस ऊन पडून 48 वरून 52 वर चढलेलं पाणी आणि 56 वरून थंडीच्या लाटेने 52 वर घसरलेलं पाणी, यांत मासे अगदी उलट वागतात. चढत्या 52 ला ते चार फुटांत येऊन क्रँकबेटला (रील फिरवताच डुलत खाली जाणाऱ्या लूरला) धडका देतील. उतरत्या 52 ला खोल उताराच्या कडेला दगडाला चिकटून बसतील. म्हणून प्रत्येक फेरीला आकडा वहीत लिही: तारीख, वेळ, पाणी किती फुटांवर मोजलं. फिश फाइंडरवरचा (बोटीवरच्या मासे शोधायच्या यंत्रावरचा) आकडा वरच्या पातळ थराचा असतो. वारा नसलेल्या उन्हाच्या दुपारी तो चार-पाच अंशांनीही फसवतो. काठावरून जाणार असशील तर मत्स्यपेटीचा साधा काचेचा थर्मामीटर, त्याला शिशाचा तुकडा आणि दोरी. तीन-चार फुटांवर दोन मिनिटं सोडायचा आणि वर काढताक्षणी वाचायचा.

पहाटे जाणं बंद कर. ही उन्हाळ्याची सवय आहे. या दिवसांत रात्रीत उथळ पाणी गार पडतं, म्हणजे सकाळी सहाला तू दिवसातल्या सगळ्यात थंड पाण्यात गळ टाकतोस. दुपारी एक ते साडेपाच हा वेळ धर. घरी जेवून जा, वहिनी पण खूश.

जागेचं बोलू. सूर्य अजून दक्षिणेकडून तिरपा येतो, त्यामुळे उत्तरेकडचे काठ, म्हणजे ज्यांचं तोंड दक्षिणेला आहे ते, आधी तापतात. थंड वारा वायव्येकडून येतो, तोही याच काठांना लागत नाही. त्यात दगड असले तर सोन्याहून पिवळं. यूएस 64 महामार्गाचा तलावातून जाणारा भराव साधारण पूर्व-पश्चिम आहे. त्याची दक्षिणेकडची दगडी बाजू (आपल्याकडे धरणाला पिचिंग असतं, तेच) दुपारभर ऊन पिते. फॅरिंग्टन रोडच्या पुलाजवळचे दगडही तसेच. गाडी मात्र फलक बघून लाव, कडेला कुठेही नको. दगडांच्या फटींत क्रॉफिश (गोड्या पाण्यातले छोटे शेवंड) असतात, आणि थंडीतून उठलेल्या बासला ते शॅडइतकेच आवडतात.

क्रीकमध्ये (तलावाला मिळणाऱ्या ओढ्यात) शिरलास तर अगदी टोकाला जाऊ नको आणि तोंडाशीही थांबू नको. मधले पाण्यात घुसलेले जमिनीचे छोटे सुळके बघ, जिथे जुन्या ओढ्याचं पात्र वळून काठाच्या जवळ येतं. तीन फुटांचा सपाट भाग आणि दहा-बारा फुटांचं पात्र यांत एका फेकीचं अंतर हवं. बास उन्हात वर येतो आणि थंडी परतली की चार हात मागे सरकतो; लांबचा प्रवास त्याला परवडत नाही. दोन सुळके रिकामे गेले आणि तिसऱ्यावर एक मिळाला, तर तिथून हलू नको. या दिवसांत मासे विखुरलेले नसतात. एक आहे तिथे बहुतेक पाच असतात.

आणखी एक, कारण जॉर्डन हा पूरनियंत्रणाचा तलाव आहे. नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 216 फूट. चार दिवस पाऊस झाला की पाणी वर चढतं आणि झुडपांत शिरतं. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या विल्मिंग्टन जिल्ह्याच्या साइटवर रोजची पातळी असते, निघण्याआधी बघ. पाऊस पाण्यापेक्षा उबदार असला तर क्रीकच्या आत फुगवट्याचं पाणी तापतं आणि मासे झुडपांत घुसतात. पाऊस बर्फगार असला तर गढूळ आणि थंड हे दोन्ही एकदम होतं. त्याहून वाईट पाणी नाही. त्या दिवशी हॉ नदीची बाजू सोडून तलावाच्या न्यू होप बाजूच्या फाट्यांत थोडं निवळ पाणी शोध, नाहीतर सरळ घरी बसून रील साफ कर.

आता जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायचं लांबट लूर. यावरच जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या डबीत दोन आहेत आणि दोन्ही तू चुकीची ओढतोयस. साडेतीन ते साडेचार इंचांचं, पाण्यात जागच्या जागी थांबणारं हवं: रापालाचं हस्की जर्क चालेल, मेगाबासचं व्हिजन 110 असेल तर उत्तम, पण त्याची किंमत ऐकून वहिनींना सांगू नको. रॉड साडेसहा ते पावणेसात फुटांचा, मध्यम ताकदीचा, टोक लवचीक. दोर 10 पौंडी फ्लुरोकार्बन. टोक पाण्याकडे खाली ठेव. फेकल्यावर सहा-सात वेळा रील फिरवून लूर खोलीवर ने. मग दोन छोटे झटके, आणि प्रत्येक झटक्यानंतर लगेच दोर ढिला सोड. ढील नसेल तर लूर नाकासमोर सरळ येतं. ढील मिळाली की कुशीवर वळतं, त्याची बाजू चमकते, आणि तीच बासला दिसते. त्यानंतर थांब. 45 अंशांना 15 ते 20 सेकंद, 50 ला सात-आठ, 55 ला दोन-तीन. घड्याळाशिवाय वीस सेकंद मोजताना सगळेच आठ सेकंदांत कंटाळतात, म्हणून आरतीचं एक कडवं मनात सावकाश म्हण. भजनी ठेक्यात, गणपतीच्या गर्दीच्या ठेक्यात नको.

चावा थांब्यातच येतो आणि हाताला बहुतेक काही कळत नाही. पाण्यात शिरणाऱ्या दोराकडे बघ. तो बाजूला सरकला, किंवा पुढच्या झटक्याला जडसर लागलं, की रॉड बाजूला सलग ओढ. जोरात हिसका दिलास तर तीनतोंडी बारीक गळ ओठ फाडून सुटतात. ताठ रॉडनेही तेच होतं. तुझा तो जिगचा जाड रॉड यासाठी वापरू नको.

आता एक बारकी गोष्ट, जी पाकिटावर लिहिलेली नसते. थांबणारं लूर सगळ्या पाण्यात थांबत नाही. थंड पाणी जड असतं, त्यात तेच लूर हळूहळू वर तरंगतं. कोमट पाण्यात खाली बसतं. घरच्या बादलीत बघून उपयोग नाही, नळाचं पाणी वेगळ्या तापमानाचं. तलावाच्या काठावर, पायाशी, ज्या दोराने फेकणार त्याच दोरासकट सोडून बघ, कारण फ्लुरोकार्बन बुडतं आणि नाक खाली ओढतं. भरभर वर येत असेल तर पोटाखाली, पुढच्या गळाच्या कडीजवळ, शिशाच्या चिकटपट्टीचा लहान तुकडा लाव. तोंड किंचित खाली आणि जागच्या जागी, हे हवं. अगदी सावकाश वर आलं तरी चालेल. बुडणारं मात्र टाळ. बुडत असेल तर एक नंबर लहान गळ लाव. मार्चअखेर पाणी तापलं की हीच पट्टी काढावी लागेल, तेव्हा विसरू नको.

जिग (वजनदार डोक्याचा, तळावरून ओढायचा गळ) हा दुसरा आधार, उतरत्या तापमानाच्या दिवसांसाठी. तीन अष्टमांश औंसाचं, गढूळ पाण्यात काळं-निळं, निवळ असेल तर तपकिरी-हिरवं. मागे लावायचं रबर कमी हलणारं घे. उन्हाळ्यातले फडफडणारे पाय या थंडीत नकोत, थंडीत क्रॉफिश नाचत नाही. 15 पौंडी फ्लुरोकार्बन. फेक, तळ लागू दे, मग रॉडने फूटभर ओढ, थांब. दगड लागला की उडी मारून पार करू नको, त्यावर अडकल्यासारखं धरून ठेव आणि हलकेच सोडव. जिग दगडावरून घसरून पडतं, तेव्हाच बरेचदा टक् होतं. कधी टकही नाही, नुसतं ओल्या फडक्यासारखं जड वाटतं. शंका आली की गळ बसव. शंका फुकट असते.

क्रँकबेटबद्दल थोडक्यात. पाणी 50 च्या वर आणि चढतं असेल, तर चपट्या अंगाचं, अरुंद हलणारं घे, रापालाचं शॅड रॅप 8 पौंडी दोरावर चांगलं चालतं. रंग लाल किंवा क्रॉफिशचा. दगडाला ठोकर लागली पाहिजे. ठोकर लागल्यावर क्षणभर रील थांबव. कमी वेगाचं, 5.4:1 च्या आसपासचं (हँडलच्या एका फेऱ्यात दोराच्या रिळाचे 5.4 फेरे) रील असेल तर हे आपोआप हळू होतं. तुझं 8:1 वालं हात कितीही आवरलास तरी धावतं. निम्मा दोष त्याचाच आहे.

थंडीची लाट येऊन गेल्यावर, निळंशार आकाश आणि गार वारा, अशा दिवशी लोक लूर बदलत बसतात. काही बदलू नको. उभ्या दगडी उताराला जिग, दुप्पट सावकाश. कृष्णेच्या काठी कणकेची गोळी लावून रोहूसाठी तू तासन् तास बसायचास, तोच संयम इथे लागतो; फरक इतकाच की रोहू वासाने शोधत यायचा, बासला दिसावं आणि पाण्यातली थरथर जाणवावी लागते.

बोटीवर लाइफ जॅकेट अंगात घाल, सीटखाली नको. 50 अंशांच्या पाण्यात पडलास तर पहिलं एक मिनिट श्वासच ताब्यात राहत नाही, आणि साधारण दहा मिनिटांनी हातपाय कामातून जातात. पोहता येणं तिथे फारसं उपयोगी पडत नाही.

मादी मिळाली तर हात ओले करून धर. मोठीला नुसत्या जबड्याने आडवी लोंबकळत धरू नको, पोटाखाली दुसरा हात दे, फोटो काढ आणि सोड. तू मालवणी मसाल्याची स्वप्नं बघतोयस हे माहीत आहे. राज्याच्या आरोग्य खात्याने बासला जास्त पाऱ्याच्या माशांत धरलंय, गरोदर बायका आणि मुलांनी तो खाऊच नये असं ते सांगतात. रवा लावून तळायचा असेल तर क्रॅपी हा दुसरा मासा पकड. जॉर्डन त्यासाठीच जास्त प्रसिद्ध आहे, आणि चवीलाही तोच सरस.

हवामानवाले बुधवारपासून तीन दिवस ऊन सांगतायत. शनिवारी दुपारी एकला, 64 च्या भरावाची दक्षिण बाजू. आधी थर्मामीटर सोड, आकडा मला मेसेज कर, मग पहिली फेक.

तुझा,
अज्या

ता. क. लायसन्सची तारीख बघ, गेल्या वर्षी तू मार्चमध्येच काढलं होतंस. वनवासात सापडल्यासारखं वाइल्डलाइफ ऑफिसरसमोर फोन शोधत बसू नको. आणि लांबीचे, संख्येचे नियम दरवर्षी नव्याने वाच, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नको.