रामेश्वरच्या गजरेवाल्या अक्का, विहिरीवरचे दादा आणि रिक्षावाले अण्णा यांचे मनापासून आभार

रामनाथस्वामी मंदिरात 22 तीर्थांचं स्नान करताना आई ओल्या फरशीवर घसरून पडली. मनगट बघता बघता सुजलं. अंगावर चिंब साडी, थरथर कापत होती. आमच्यात कुणालाच तमिळ येत नव्हतं. विहिरीतून पाणी काढून भाविकांच्या अंगावर घालणाऱ्या दादांनी बादली तशीच ठेवली आणि गर्दीतून वाट काढत तिला बाहेर आणलं.

दाराशी गजरे विकणाऱ्या बाईंनी आपल्या पिशवीतली कोरडी साडी काढली, चादरीचा आडोसा करून आईला स्वतः नेसवली, केस पुसले, कॉफी पाजली. दुखरा हात पदराला लागू नये म्हणून किती जपत होत्या! रिक्षावाले अण्णा दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत थांबले आणि फक्त भाड्याचे पैसे घेतले. ‘रोम्ब नन्री’, म्हणजे खूप खूप आभार, हे आईला त्यांनीच शिकवलं. साडी परत द्यायला गेलो तेव्हा गजरेवाल्या बाईंना ती तेच म्हणाली, वर आपलं ‘अक्का’ जोडून. तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात.

तुम्हा तिघांचीही नावं आम्हाला माहीत नाहीत. रामेश्वरला कुणी जाणार असेल तर अक्कांना एवढा निरोप द्या: आईचा हात बरा झाला, भाकरी थापते आता.